यंत्र आलं, पैसा आला. मग विणकर का बुडाला?

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नोकऱ्या जातील का, हा विषय निघाला की एक उत्तर ठरलेलं असतं. "औद्योगिक क्रांतीच्या वेळीही लोक असेच घाबरले होते. काय झालं? उलट सगळे सुखी झाले." टीव्हीवरचे तज्ज्ञ हे सांगतात, आणि सोसायटीच्या ग्रुपवर येणाऱ्या फॉरवर्डमध्येही हेच असतं. गंमत म्हणजे हे खोटं नाही. फक्त त्यातलं 'सुखी झाले' साठ वर्षं उशिरा येतं, आणि ती साठ वर्षं कोणी कशी काढली याबद्दल फॉरवर्ड गप्प असतो.

ती साठ वर्षं बघायची तर सगळी औद्योगिक क्रांती डोक्यावर घेण्याची गरज नाही. एकच धंदा पुरे: सुती कापड. देश इंग्लंड, भाग लँकेशायर, म्हणजे मँचेस्टर आणि भोवतालची गावं. तिथून एक धागा मुंबईच्या गिरणगावापर्यंत येतो. तोही शेवटी पाहू.

## आधी पिठाच्या गिरणीकडे जाऊ

गावात पिठाची गिरणी आली तेव्हा पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायकांची सुटका झाली. ओव्या गेल्या, पण म्हणून कुणी जातं परत मागितलं नाही. घरच्या दळणाचे त्यांना कुणी पैसे देत नव्हतं, त्यामुळे वाचले ते कष्टच. पण त्याच गावात दळणकांडण करून मुलं वाढवणारी एखादी विधवा असायची. गिरणी सुरू झाली त्या दिवशी तिची मिळकत गेली. ती जे पैसे मिळवायची, ते आता गिरणीवाल्याच्या गल्ल्यात पडू लागले.

गिरणी एकच, पीठही तेच. गावाचं भलं झालं का, तर झालं. तिचं झालं का, तर नाही. यंत्रामुळे एकूण संपत्ती वाढणं आणि त्या संपत्तीची वाटणी होणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की गोंधळ सुरू होतो.

## सूत कातायला चौदा वर्षं

आता लँकेशायर. अठराव्या शतकात भारतात हाताने सूत कातणाऱ्यांना १०० पौंड (सुमारे ४५ किलो) कापसाचं सूत काढायला साधारण ५०,००० तास लागत, असा हिशेब इतिहासकारांनी मांडला आहे. रोज दहा तास, एकही सुट्टी न घेता, एकटीने कातायचं म्हटलं तर पावणेचौदा वर्षं. सॅम्युअल क्रॉम्प्टनने १७७९ मध्ये 'म्यूल' नावाचं सूतकताईचं यंत्र बनवलं, तेव्हा हेच काम २,००० तासांवर आलं. १७९५ पर्यंत ३०० तास. १८२५ च्या सुमारास रिचर्ड रॉबर्ट्‌सचा आपोआप चालणारा म्यूल आला आणि १३५ तास पुरू लागले. चौदा वर्षांचं काम दोन आठवड्यांत.

सुताचे भाव कोसळले. १०० नंबरचं (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक) सूत १७८६ मध्ये एक पौंड वजनाला ३८ शिलिंग (इंग्लंडचं तेव्हाचं नाणं) होतं, १८०७ मध्ये ते सात शिलिंगांच्याही खाली गेलं. पहिला फटका घरोघरी चरख्यावर बसणाऱ्या बायकांना बसला. त्यांची मिळकत घरखर्चाला आधार देणारी, 'वरकमाई' समजली जाणारी. त्यामुळे ती गेली याची फारशी कुठे नोंदही झाली नाही.

विणकराचं मात्र नशीब उघडलं! कातणं यंत्रावर गेलं होतं, विणणं अजून हातावरच होतं. सुताचे ढीग पडलेले आणि मागावर बसणारे हात कमी. मजुरी चढली. शेतमजूर, आयर्लंडहून आलेले लोक, जो तो हातमागाकडे वळला. चांगल्या दिवसांत लँकेशायरमधल्या बोल्टन भागातला विणकर आठवड्याला २५ शिलिंगांच्या आसपास कमवायचा. यंत्राने माणसाचं भलं होतं, याचा तो चालताबोलता पुरावा होता.

## मग तोच माणूस बुडाला कसा?

एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचं पहिलं पेटंट १७८५ मध्येच घेतलं होतं. पेटंट म्हणजे ठरावीक वर्षं तो शोध दुसऱ्या कुणाला फुकट वापरता येणार नाही, असा सरकारी हक्क. पण त्याचा माग ओबडधोबड होता; तो सुधारता सुधारता दोन-तीन दशकं गेली. १८१३ मध्ये ब्रिटनभर यंत्रमाग होते जेमतेम २,४००. १८२० मध्ये १४,०००. १८३३ मध्ये एक लाख. १८५० मध्ये अडीच लाख.

आकडे नीट पाहिले तर एक गोष्ट खटकते. हातमागाची मजुरी यंत्रमाग पसरण्याच्या आधीच घसरायला लागली होती. त्या 'सुवर्णकाळात' इतके लोक धंद्यात शिरले की १८२० च्या सुमाराला हातमाग विणकर दोन लाखांच्या वर गेले होते. नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे बाजार कधी उघडत, कधी बंद होत. इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या १८०१ मध्ये ८९ लाख होती, १८५१ मध्ये १ कोटी ७९ लाख झाली. मालकाच्या दारात माणसांची रांग लागलेली असताना मजुरी वाढवतो कोण?

दर पडला की विणकर पोट भरायला जास्त तास बसायचा आणि जास्त कापड विणायचा. जास्त कापड बाजारात आलं की दर आणखी पडायचा. १८३० पर्यंत बोल्टनची आठवड्याची मजुरी सहा शिलिंगांच्याही खाली आली होती.

यात मालकाची एक सोय होती, ती समजून घेण्यासारखी आहे. यंत्रमागात त्याचे पैसे अडकलेले असत, म्हणून ते कायम चालते ठेवायचे. मागणी वाढली की वरचं काम हातमागवाल्यांना द्यायचं, मागणी ओसरली की त्यांना 'सध्या काम नाही' सांगायचं. मंदीचा धक्का सोसायला गिरणीबाहेर बसलेला, बिनपगारी माणूस. हे वाचून आज कुणाला मोबाइलवर ऑर्डरची वाट पाहत चौकात थांबलेले दुचाकीस्वार आठवले, तर माझी हरकत नाही.

## 'मग गिरणीत कामाला लागायचं होतं ना'

हा आक्षेप तेव्हाही घेतला जाई. अडचण अशी की गिरणीला चाळिशीतला अनुभवी विणकर नकोच होता. यंत्राला लागायची चपळ बोटं, ऐकणारी आणि स्वस्त माणसं. म्हणजे बायका आणि मुलं. मुलाची मजुरी मोठ्या माणसाच्या मजुरीचा छोटासा हिस्सा असायची. त्यामुळे बाप घरी रिकाम्या मागावर आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी पहाटेच्या घंटेला गिरणीत, असं उलटं घर पुष्कळ ठिकाणी दिसू लागलं. १८३३ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी घातली आणि नऊ ते तेरा वयाच्या मुलांना आठवड्याला ४८ तासांची मर्यादा. ही त्या काळाची मोठी सुधारणा होती! सगळ्या देशासाठी तपासनीस नेमले चार.

## पैसा गेला कुठे?

इथे दोन शब्द लागतील. एक, 'उत्पादकता': एका कामगारामागे किती माल तयार होतो ते. दुसरा, 'खरी मजुरी': हातात पडलेल्या पैशात प्रत्यक्षात किती घेता येतं ते. पगार दहा टक्के वाढला आणि किराणा वीस टक्के महागला, तर खरी मजुरी घटली.

रॉबर्ट ॲलन या अर्थ-इतिहासकाराच्या हिशेबानुसार १७८० ते १८४० या काळात ब्रिटनमध्ये एका कामगारामागचं उत्पादन ४६ टक्क्यांनी वाढलं आणि खरी मजुरी फक्त १२ टक्क्यांनी. मधला फरक नफ्याकडे गेला. नफा पुन्हा नव्या गिरण्यांत, नव्या यंत्रांत घातला गेला, त्यातून आणखी नफा. ॲलनने या काळाला कार्ल मार्क्सचा सहकारी फ्रेडरिक एंगल्स याचं नाव दिलं. मराठीत 'एंगल्सचा थांबा' म्हणू. मजुरीची गाडी स्टँडवर उभी आणि संपत्तीची गाडी भरधाव पुढे. एंगल्स १८४२ मध्ये मँचेस्टरला आला आणि त्याने कामगारवस्त्या पायी फिरून पाहिल्या. तो आला होता मात्र वडिलांची भागीदारी असलेल्या कापड गिरणीत काम शिकायला.

हा १२ टक्क्यांचा आकडाही सरासरीचा आहे. यंत्रं बांधणारा कारागीर त्यात वर होता, हातमागवाला कुठल्या कुठे खाली.

## 'ज्याने शोध लावला, तो श्रीमंत होणारच'

तसं झालं असतं तर वाटणीबद्दल तक्रार थोडी कमी झाली असती. प्रत्यक्षात काय झालं ते पाहा. क्रॉम्प्टनकडे पेटंट काढायला पैसे नव्हते. गिरणीमालकांनी वर्गणी काढून देतो म्हणून सांगितलं, तेव्हा त्याने यंत्र उघडून दाखवलं. वर्गणी सत्तर पौंडही जमली नाही. १८११ मध्ये तो स्वतः गिरण्यांमधून फिरला, तेव्हा त्याच्या यंत्राच्या चाळीस लाखांवर चात्या (सूत पिळून गुंडाळणारे दांडे) देशात फिरत होत्या. पुढच्या वर्षी पार्लमेंटने त्याला ५,००० पौंड दिले. तेही टिकले नाहीत. १८२७ मध्ये तो गरिबीतच गेला.

उलट रिचर्ड आर्कराइट. मूळचा न्हावी आणि केसांचे टोप बनवणारा. पाण्यावर चालणाऱ्या सूतकताई यंत्राचं पेटंट त्याने १७६९ मध्ये घेतलं. ते यंत्र मुळात त्याचं होतं का यावर वाद झाला आणि १७८५ मध्ये कोर्टाने त्याची पेटंटं रद्द केली. त्याला फारसा फरक पडला नाही. १७७१ मध्ये क्रॉमफर्डला त्याने गिरणी उभी केली होती: नदीचं पाणी, कामगारांसाठी घरं, घंटेवर चालणारी पाळी. पेटंट गेलं तरी गिरणी त्याचीच राहिली. १७८६ मध्ये तो 'सर' झाला आणि १७९२ मध्ये वारला, तेव्हा देशातल्या मोठ्या धनिकांत त्याची गणना होती. माझ्या मते आर्कराइटचा खरा शोध 'कारखाना' हा आहे, आणि त्याचं पेटंट कुणी काढत नाही. तो ज्याच्या मालकीचा, पैसा त्याचा.

## 'सरकारने यात पडायला नको होतं'

बाजाराला आपलं काम करू द्यावं, सरकारने लुडबुड करू नये, असं म्हणणाऱ्यांना वाटतं की त्या काळात सरकार बाजूला उभं होतं. ते मुळीच बाजूला नव्हतं. १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी मजुरी वाढवून मागण्यासाठी कामगारांनी एकत्र येणं हा गुन्हा ठरवला. १८०८ मध्ये विणकरांनी किमान मजुरी ठरवून द्या म्हणून पार्लमेंटकडे अर्ज केला, तो फेटाळला. जुन्या काळापासून मजुरी ठरवण्याची आणि उमेदवारीची (उस्तादाच्या हाताखाली धंदा शिकण्याची) जी कलमं कायद्यात होती, ती १८१३-१४ मध्ये काढून टाकली. म्हणजे एका बाजूचे हात बांधायचे आणि मग म्हणायचं, कुस्ती निकाली होऊ द्या.

याच काळात, १८११ मध्ये, नॉटिंगहॅम भागात यंत्रफोड सुरू झाली. हेच ते 'लडाइट'. आज नवं ॲप न जमणाऱ्या आजोबांना थट्टेने हा शब्द लावतात, तो अन्याय आहे (लडाइटांवर, आणि आजोबांवरही). नॉटिंगहॅमचे मोजे विणणारे पिढ्यान् पिढ्या यंत्रावरच काम करत होते. त्यांचा राग होता तो दर कापणाऱ्या, न शिकलेली माणसं बसवून हलका माल काढणाऱ्या मालकांवर, आणि बऱ्याचदा नेमके त्यांचेच साचे (मोजे विणायची यंत्रं) फुटत. संघटना करायला बंदी, मत द्यायचा हक्क नाही, अर्ज फेटाळलेला. मग हातोडा उरला. १८१२ मध्ये साचा फोडण्याला फाशीची शिक्षा ठरली. कवी लॉर्ड बायरनने लॉर्ड्स सभागृहातलं आपलं पहिलं भाषण या कायद्याविरुद्ध केलं, पण कायदा झालाच. बारा हजारांवर सैनिक त्या भागांत उतरवले गेले. जानेवारी १८१३ मध्ये यॉर्कला सतरा जणांना फासावर दिलं, त्यातले तिघे एका गिरणीमालकाच्या खुनासाठी.

## 'पण कापड तर स्वस्त झालं!'

झालं, आणि ते छोटं सुख नव्हतं. धुता येणारा सुती सदरा गरिबाच्या अंगावर आला. पण माणूस कापड खात नाही. पगाराचा मोठा भाग पावावर आणि घरभाड्यावर जायचा. १८१५ च्या धान्य कायद्याने गव्हाचा भाव क्वार्टरला (धान्याचं जुनं इंग्रजी माप, सुमारे २९० लिटर) ८० शिलिंग होईपर्यंत परदेशी गहू आत येऊ दिला नाही. त्यातून जमीनदाराचा खंड (जमिनीचं भाडं) सांभाळला गेला. हा कायदा, मधल्या काही बदलांसह, १८४६ पर्यंत टिकला.

मँचेस्टर कसं होतं, हे एका आकड्यात सांगता येतं. सार्वजनिक आरोग्याचा सुधारक एडविन चॅडविक याच्या १८४२ च्या अहवालात मृत्यूच्या सरासरी वयाचे तक्ते आहेत. मँचेस्टरच्या मजूर कुटुंबांत ते १७ वर्षं होतं. सगळे सतराव्या वर्षी मरत असा याचा अर्थ नाही. तान्ही मुलं इतकी दगावत की सरासरी तिथवर खाली यायची. त्याच शहरातल्या वरच्या वर्गाचं ३८. आणि रटलंड या शेतीवाडीच्या परगण्यात? तिथल्या शेतमजुरांचंही ३८. जगातल्या सर्वांत पुढारलेल्या औद्योगिक शहरातला धनिक आणि खेड्यातला गडी, दोघांचा आकडा एकच.

## 'शेवटी सगळ्यांचं भलं झालंच की'

ॲलनचेच पुढचे आकडे घ्या. १८४० ते १९०० मध्ये एका कामगारामागचं उत्पादन ९० टक्के वाढलं आणि खरी मजुरी १२३ टक्के. थांबा सुटला. कशामुळे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ॲलन म्हणतात, इतकं भांडवल साठलं की कामगारांची मागणी वाढली. पण त्याच काळात धान्य कायदा गेला, १८४७ मध्ये बायका आणि मुलांसाठी दहा तासांचा दिवस आला, १८६७ मध्ये शहरांतल्या पुष्कळ कामगारांना मत मिळालं, १८७० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, १८७१ मध्ये कामगार संघटनांना कायद्याने मान्यता मिळाली. यातलं काहीही वाफेच्या इंजिनातून आपोआप बाहेर पडलेलं नाही. प्रत्येकामागे सभा आहेत, संप आहेत, अर्ज आहेत. १८१९ मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर मतदानाचा हक्क मागायला जमलेल्या जमावावर घोडेस्वार घातले, त्यात पंधरा-एक माणसं मेली, तेही आहे.

इतकं होऊनही १८९९ मध्ये सीबॉम राउंट्री या समाज-अभ्यासकाने यॉर्क शहराची घरोघर पाहणी केली, तेव्हा सुमारे २८ टक्के लोक गरिबीत सापडले. आणि १७८० मध्ये जन्मलेला विणकर? थांबा सुटला तेव्हा तो साठीचा होता. जगला असला तर.

## कापूस येत होता कुठून?

मँचेस्टरचा हिशेब मँचेस्टरमध्येच संपत नाही. अमेरिकेत इलाय व्हिटनीने १७९३ मध्ये सरकी काढण्याचं यंत्र बनवलं. सरकी काढण्याचे कष्ट वाचले, म्हणून कापूस लावणं फायद्याचं झालं, म्हणून आणखी जमीन कापसाखाली आली, म्हणून वेचायला आणखी गुलाम लागले. १७९० मध्ये अमेरिकेत सात लाखांच्या आसपास गुलाम होते, १८६० मध्ये चाळीस लाखांच्या घरात. श्रम वाचवणाऱ्या यंत्राने गुलामगिरी वाढवली, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत अंगावर येणारं वाटतं.

१८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, अमेरिकी कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि सगळी गिऱ्हाइकी मुंबईच्या बंदराकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांच्या शेअरवर सट्टा चालला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं आपटलं.

## गिरणगावातला दिवा

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांच्या कंपनीने १८५४ मध्ये ताडदेवला उभारायला घेतली. १८५६ मध्ये ती सुरू झाली. यंत्रं लँकेशायरचीच. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत कोकण-घाटावरून आलेली माणसं चाळींत भरली आणि मँचेस्टरची गोष्ट इथे परळ-लालबागला नव्याने सुरू झाली.

१८८१ मध्ये हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा आला: सात वर्षांखालच्या मुलांना बंदी, सात ते बारा वयाला नऊ तास. गंमत अशी की या कायद्यासाठी जोर लावणाऱ्यांत लँकेशायरचे गिरणीमालक होते. स्वतःच्या घरी प्रत्येक तासासाठी कुरकुरणाऱ्यांना मुंबईच्या मुलांचा एकाएकी कळवळा आला, कारण मुंबईचं सूत त्यांना बाजारात जड जाऊ लागलं होतं. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल कायद्यात एक अक्षर नव्हतं.

१८८४ मध्ये 'दीनबंधु' या वृत्तपत्राचे नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, यांनी गिरणी कामगारांना एकत्र केलं. साडेपाच हजार कामगारांच्या नावाचा अर्ज गेला. मागण्या वाचल्या तर आज हसू येईल इतक्या साध्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, अपघात झाला तर भरपाई. रविवारच्या सुट्टीला मालकांनी होकार दिला तो जून १८९० मध्ये. सहा वर्षांनी.

'सूर्यास्तापर्यंत' हा शब्द महत्त्वाचा. गिरण्या तोवर उजेडावर चालत. अंधार पडला की काम थांबायचं. मग गिरण्यांत विजेचे दिवे आले. शोध उत्तमच, धुराची चिमणी नको, आगीचं भय कमी. पण दिवस मावळायचा थांबला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेजी आली तेव्हा कित्येक गिरण्या पहाटे पाचपासून रात्री आठ-नऊपर्यंत चालू लागल्या, आणि १९०५ मध्ये कामगार या वाढीव तासांविरुद्ध रस्त्यावर उतरले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत मोठ्या पुरुषांचेही तास पहिल्यांदाच बांधले: दिवसाला बारा. १९२२ मध्ये ते अकरा झाले, आणि आठवड्याला साठ.